पाच शब्दांचं कुलूप

प्रभाकर केळुसकरांना डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीत सगळे लिनक्सकाका म्हणत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता. सॉफ्टवेअर लिनक्ससारखं मुक्त हवं, आपल्या यंत्रावर आपलाच हुकूम चालायला हवा. दर रविवारी ते दीडेकशे लोकांना ईमेलने एक टीप पाठवत. अपडेट टाळू नका. पासवर्ड कुठे लिहून ठेवू नका. फाइल अशा प्रकारात ठेवा की पन्नास वर्षांनीही उघडेल. त्यांच्या फोनवर व्हॉट्सॲप नव्हतं, त्यामुळे सोसायटीत पाणी कधी जाणार हे त्यांना बायकोकडून कळायचं.

आता बायको नव्हती. नीलाला जाऊन सात आठवडे झाले होते आणि तिचा लॅपटॉप उघडत नव्हता.

त्या लॅपटॉपमध्ये बावीस गोष्टी होत्या. ऋजुताला, म्हणजे त्यांच्या मुलीला, दिवस राहिल्याचं कळलं तेव्हापासून नीला रोज दुपारी दार लावून घ्यायची आणि नातवंडासाठी गोष्टी रेकॉर्ड करायची. आपल्या आजीकडून ऐकलेल्या, वेंगुर्ल्याच्या बोलीतल्या. कुठे लिहिलेल्या नव्हत्या. ऋजुताला म्हणाली होती, “बावीस झाल्यात. बाळंतपणाला येशील तेव्हा देईन. आधी मागायच्या नाहीत.”

ऋजुताला आता आठवा लागला होता.

कुलूप प्रभाकरांनीच लावून दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी. पूर्ण डिस्कला. लॅपटॉप सुरू करताना पाच शब्द टाकायचे, तरच आतलं वाचता येतं, नाहीतर सगळा कचरा. शब्दकोश कुठेही उघडून, डोळे मिटून बोट ठेवायचं, असे पाच शब्द घ्यायचे, ही त्यांचीच रीत. नीलाने तेव्हा विचारलं होतं,

“अहो, तुमचीही एक किल्ली घाला ना यात. मी विसरले तर?”

एका कुलपाला आठ किल्ल्या ठेवायची सोय त्यात असते. घालायला दोन मिनिटंही लागली नसती.

“अजिबात नाही,” प्रभाकर म्हणाले होते. “तुझं ते तुझं. नवऱ्यालासुद्धा कळता कामा नये.”

“माझं मेलं काय आहे लपवण्यासारखं!”

“प्रश्न तत्त्वाचा आहे.”

हा प्रसंग त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या ठाण्याच्या बैठकीत रंगवून सांगितला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग तो रविवारच्या टिपेतही आला.

पण त्यांना जे सलत होतं ते वेगळंच. नीला त्या लॅपटॉपसमोरच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी प्रभाकर कपडे आणि जुने रिपोर्ट न्यायला घरी आले, तेव्हा लॅपटॉप तसाच टेबलावर चालू होता. रेकॉर्डिंग मध्येच थांबू नये म्हणून तो आपोआप झोपणार नाही अशी तजवीज त्यांनीच करून दिली होती. स्क्रीनवर तिच्या फाइली ओळीने दिसत होत्या. दुसऱ्याच्या फाइलीत डोकावायचं नाही, म्हणून त्यांनी नजर वळवली. कोपऱ्यात खूण होती, छत्तीस अपडेट बाकी. हॉस्पिटलमध्ये आपल्याला करता येण्यासारखं काहीच नव्हतं. हे करता येत होतं. त्यांनी अपडेट केलं आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला.

काळा पडदा आला, पाच शब्द मागणारा. घरी आली की टाकेल, असं म्हणून त्यांनी झाकण लावलं.

ती आली नाही.

बॅकअप होता. त्यालाही तेच कुलूप. तेव्हापासून ते रोज शब्द टाकून बघत होते. ऋजुताचं नाव, माहेरच्या गावाचं, नीला शाळेत शिकवायची त्या वर्गांची नावं. टाकलेलं वहीत लिहीत. सहाशे अकरा झाले. नीलाने शब्दकोशातूनच शब्द काढले असतील तर जन्मभर बसूनही काही होणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं की तिने आपलं ऐकलं नसेल तर बरं.

जगभरच्या जाणकारांना त्यांनी ईमेल लिहून पाहिले. तिघांनी सांत्वन केलं. चौथ्याने लिहिलं, कुलूप नीट काम करतंय.

शेवटी ऋजुता म्हणाली, “बाबा, एकदा दुकानात दाखवू या. माझ्या समाधानासाठी.”

ती घोडबंदरहून टॅक्सीने आली आणि शनिवारी दुपारी दोघं कल्याणला स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदार संदेश तिशीचा, तोंडात बडीशेप. त्याने ऋजुताला स्टूल दिलं, डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि बराच वेळ बघत बसला.

“काका, डिस्क एकदम ओके आहे. पण ही लॉक कुणी केलीय? जबरदस्त पॅक केलंय हां.”

“मी,” प्रभाकर म्हणाले.

“मग तुम्हीच खोला ना!” तो हसला. मग ऋजुताच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. “सॉरी ताई. कुणाचा आहे?”

“आईचा. ती गेली.”

“अरेरे.” त्याने बडीशेप गिळली. “विंडोज असतं ना, तर चान्स होता. ऑनलाइन अकाउंटमध्ये किल्ली पडलेली असते पुष्कळदा. परवाच एका बाईंच्या मिस्टरांचा खोलून दिला. रडल्या बिचाऱ्या.”

आपली किल्ली कंपनीकडे ठेवू नये, यावर प्रभाकरांनी लागोपाठ चार रविवार लिहिलं होतं. एरवी त्यांनी संदेशला तासभर समजावलं असतं. आज ते डिस्कच्या चार बारीक स्क्रूंकडे बघत राहिले.

“काहीच नाही होणार?” ऋजुताने विचारलं.

“ताई, खोटं कशाला बोलू? कुणी खोलतो म्हणाला तर समजा फसवतोय. काकांना माहितीये.”

ऋजुताने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. एवढंच त्यांना नक्की सांगता येत होतं.

संदेशने स्क्रू पुन्हा बसवले, पैसे घेतले नाहीत. बाहेर रिक्षांच्या कलकलाटात दोघं टॅक्सीची वाट बघत उभी राहिली.

“लॅपटॉप मी नेते,” ऋजुता म्हणाली.

“तुला काय उपयोग?”

“नसू दे. तुम्ही घरी रोज त्याच्यावर डोकं आपटत बसता.”

त्यांनी पिशवी दिली. “महिन्यातून एकदा चार्ज कर. पूर्ण नको, निम्म्यावर ठेव. नाहीतर बॅटरी फुगते.”

“बाबा.”

“हं.”

“दाराबाहेरून एखादी तरी कानावर पडली असेल ना तुमच्या?”

प्रभाकर आठवू लागले. नीला दार लावायची तेव्हा ते दुसऱ्या खोलीत ईमेलना उत्तरं देत असत, कानाला हेडफोन लावून, तिला आपला व्यत्यय नको म्हणून. एकदा पाणी प्यायला उठले होते.

“कोल्ह्याची होती एक,” ते म्हणाले. “आवाज बदलून बोलत होती. मध्येच स्वतःच हसली.”

“काय होतं त्यात?”

“पाणी घेतलं आणि परत गेलो मी.”

टॅक्सी आली. ऋजुता सावकाश आत बसली, पिशवी मांडीवर मावेना म्हणून तिने ती पोटाच्या बाजूला धरली आणि काच खाली केली.

“तेवढीच सांगा. येते तेवढी.”

ड्रायव्हरने ओटीपी विचारला. तिने चार आकडे सांगितले आणि पुन्हा वडिलांकडे बघितलं.

“एक कोल्हा होता,” प्रभाकर म्हणाले.

मागून रिक्षावाल्याने हॉर्न धरला. ऋजुता थांबली होती. प्रभाकरांनी खिडकीची कड धरली आणि पुन्हा सुरुवात केली, “एक कोल्हा होता...”