सहा तासांना आठ मिनिटं कमी

मी बोलतेय तुमच्या मानेजवळून. दचकू नका. घोड्याच्या नालेच्या आकाराची, राखाडी कापडाची, समोर एक टिचबटण असलेली, विमानतळावर लोक गळ्यात घालून फिरतात ती मानेची उशी मी. माझ्या पोटात जो फोम आहे त्याला दुकानदार मेमरी फोम म्हणतात. कोणी कितीही दाबलं तरी मी पुन्हा फुगते. ऐकलेलं मात्र विसरत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात एका मोठ्या फोमच्या लादीतून झाला. तिथून मी इंदूरला राजवाड्याजवळच्या एका दुकानात आले आणि हुकाला लटकले. लोक यायचे, मला गळ्यात घालायचे, आरशात बघून हसायचे आणि परत अडकवून जायचे. असं कितीतरी माणसांच्या माना मी पाहिल्या, पण घरी कोणी नेलं नाही.

मग एक दिवस पंचशीलजी आले. पॉलिटेक्निकात शिकवतात, अन्नपूर्णा भागात राहतात. घराला कुलूप लावून ते ओढून बघायचं, खाली उतरायचं आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघायचं, असा त्यांचा स्वभाव. घरातली पाच माणसं सुट्टीत सिक्कीमला निघाली होती.

दुकानदार भैयाचं इंदुरी भिया करत म्हणाला, "भिया, पाँच लोग हो तो एक में क्या होगा?"

"बारी-बारी से," पंचशीलजी म्हणाले.

ही बारी-बारी माझ्या पथ्यावर पडली. ज्याच्या गळ्यात असते त्याचं पुटपुटणंसुद्धा मला ऐकू येतं.

घरी गेले तर तिथे विम्यावरून चेष्टा चालली होती. तिकिटं काढताना पंचशीलजींनी प्रवास विम्याच्या चौकोनात टिक केली होती. नुसती टिक करून ते थांबले नाहीत, सगळ्या अटीही वाचल्या. इतकं कोणी करत नाही.

"दहा दिवसांच्या सुट्टीला विमा?" त्यांची बायको शालिनी म्हणाली. "आपण चंद्रावर चाललोय का?"

"पप्पा, छत्री का भी करा लो," कॉलेजात जाणारी संबोधी म्हणाली.

चांगदेवबाबा, म्हणजे पंचशीलजींचे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी खुर्चीतूनच निकाल दिला, "आम्ही बर्फात वर्षं काढली. विमा नव्हता. ऑर्डर होती."

"हसा," पंचशीलजी म्हणाले. "हवामानामुळे विमान सहा तासांहून जास्त लेट झालं तर कंपनी भरपाई देते. वेळ आली की कळेल सगळ्यांना."

ही सहल खरं तर बाबांची. तरुणपणी सिक्कीममध्ये पोस्टिंग असताना त्यांनी सकाळच्या उन्हात कांचनजंगा पाहिला होता. महूला सुट्टीवर आले तेव्हा बायकोला, मंजुळाबाईंना म्हणाले, "तुला दाखवीन एकदा." मग बदल्या झाल्या, मुलांच्या शाळा झाल्या, बहिणींची लग्नं झाली आणि ते एकदा काही आलं नाही. आता बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, जायचं असेल तर याच हिवाळ्यात जा. बाबा मात्र विचारणाऱ्याला सांगत, "डावा जरा सुस्त आहे. उजवा ड्यूटीवर आहे."

डिसेंबरच्या त्या सकाळी आम्ही विमानतळावर पोहोचलो तेव्हा काचांच्या पलीकडे काही म्हणजे काही नव्हतं. धुकं इतकं दाट होतं की धावपट्टी कोणी गुंडाळून नेलीय असं वाटावं. आठचं विमान नऊचं झालं, नऊचं साडेदहाचं. पराठे संपले, लसूण शेवेची पिशवी फुटली. महूहून मंजुळाबाईंच्या बहिणीचा फोन आला.

"जय भीम, ताई! पोहोचलात का?"

"जय भीम. अगं कुठं पोहोचतोय! घरापासून वीस मिनिटांवर बसलोय सकाळपासून."

आणि माझी बारी-बारी सुरू झाली.

आधी शालिनी. तिनं मला घातलं, डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाली, "दहा दिवस इथंच ठेवलं तरी चालेल. आज भाजी कोणती, असं कोणी विचारत नाहीये." मग संबोधी. ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "स्टेटसला बर्फ टाकून बसलेय ना यार, और यहाँ बैठके सेव खा रही हूँ. प्लीज, कोणाला सांगू नको."

मंजुळाबाई कधी विमानात बसल्या नव्हत्या. त्यांनी मला घातलं तेव्हा त्यांची मान लाकडासारखी ताठ होती. ओठ न हलवता त्या विमानालाच विनवत होत्या, "आज नको येऊस रे बाबा. उद्याही नको येऊस."

आणि पंचशीलजी! सकाळी आठला त्यांचा चेहरा उतरला होता. दहाला जरा बरा दिसला. अकराला तर चक्क गुलाबी झाला. "दोन वाजेपर्यंत," ते पुटपुटत होते, "फक्त दोन वाजेपर्यंत नको."

निघायची खरी घाई एकट्या बाबांना होती. ते मला गळ्यात घालून काचेशी उभे राहायचे. दुपारी धुकं सरलं, लख्ख ऊन पडलं. धावपट्टी चकाकायला लागली, पलीकडे गवत कापणारा माणूससुद्धा दिसत होता. बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "अजून काहीच दिसत नाही. पांढरं फटक आहे सगळं."

पंचशीलजी म्हणाले, "बाबा, इथलं गेलं. आता विमान दिल्लीत अडकलंय, तिथल्या धुक्यात."

"तेच म्हणतोय मी," बाबा घाईघाईनं म्हणाले. "तिथलंच."

सगळ्यांना वाटलं, बाबा वैतागून टोमणा मारतायत. त्यांच्या गळ्याशी मी होते. त्यांनी आवंढा गिळला तो फक्त मला कळला.

तोवर पंचशीलजी काउंटरवर गेले होते.

"मॅडम, लिख के दीजिए कि देरी मौसम की वजह से है."

"सर, अभी तो आप निकले भी नहीं हैं."

"बाद में भागदौड़ हो जाएगी ना."

शेजारी बसलेल्या एका कापड व्यापाऱ्यानं हे ऐकलं आणि मोबाइल काढला. "अरे भिया, टिक तो अपन ने भी किया था!" त्यानं बायकोला दाखवलं, बायकोनं मागच्या रांगेला सांगितलं. बघता बघता निम्मा हॉल मोबाइलमध्ये आपापली टिक शोधायला लागला. ज्यांना सापडली ते पंचशीलजींभोवती जमले आणि अटी विचारू लागले. सकाळपासून काउंटरवर भांडणारी माणसं आता शांतपणे घड्याळाकडे बघत बसली. कोणीतरी चहा मागवला. पंचशीलजींना इतका मान पॉलिटेक्निकातही कधी मिळाला नसेल.

एवढ्यात विमान उतरलं. काउंटरवरच्या मुलीनं हसतमुखानं घोषणा केली, बोर्डिंग सुरू होत आहे. हॉलमधून एकच आवाज उठला, "अरे यार!"

ती बिचारी गोंधळली. "सुबह से आप ही लोग पूछ रहे थे ना, कब आएगा?"

पंचशीलजी रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली. "पहले आप," असं म्हणत चार जणांना पुढं जाऊ दिलं. व्यापाऱ्याला अचानक बाथरूमला जायचं आठवलं. संबोधीचा हात धरून रांगेच्या तोंडाशी उभे असलेले बाबा गरजले, "पंचशील, कदम उठा!"

आणि तेव्हाच मंजुळाबाई खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या गळ्यात होते.

"मी नाही येत," त्या म्हणाल्या.

पंचशीलजींचे डोळे चमकले. ते वाकून कुजबुजले, "वा आई! अशीच बसून राहा. थोडंसंच ताणायचंय."

"मेल्या, मी खरंच येत नाही!"

त्या नाटक करत नव्हत्या. त्यांच्या मानेतली शीर माझ्या कापडावर धडधड आपटत होती. शालिनीनं समजावलं, संबोधीनं "आजी, प्लीज ना" म्हणून पाहिलं. काउंटरवरच्या मुलीनं दुसऱ्यांदा नाव पुकारलं. मंजुळाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "तुम्ही जा. मी रिक्षानं घरी जाते. वीस मिनिटांचा तर रस्ता आहे."

बाबा रांग सोडून मागं आले. खुर्चीला हात लावत, चाचपत, त्यांच्या शेजारी बसले.

"घाबरलीस?"

"घाबरले. मग काय तुमच्यासारखी हवालदार आहे मी?"

बाबांनी आवाज इतका खाली आणला की तो त्यांच्या बायकोला आणि मला सोडून कोणाला ऐकू जाऊ नये. पण नाडी बांधायला वाकलेले पंचशीलजी अगदी जवळ होते.

"मंजुळा, सकाळचं ते धुकं कधी गेलं?"

"दुपारीच की. किती ऊन पडलं होतं."

"मला नाही दिसलं," बाबा म्हणाले. "माझ्यासाठी ते अजून गेलं नाही. उजवाही आता ड्यूटीवर नाही. सावल्या दिसतात, माणसं आवाजावरून ओळखतो. घरी सांगितलं असतं तर पंचशीलनं तिकिटं रद्द केली असती. तू आली नाहीस तर मला तो डोंगर दाखवणार कोण?"

मंजुळाबाईंची मान माझ्या कुशीत सैल झाली. त्या रागावल्या होत्या, रडत होत्या आणि पदरानं नाकही पुसत होत्या.

"आणि मला सांगायला आता मुहूर्त सापडला?"

"आधी सांगितलं असतं तर रडली असतीस."

"आता काय हसतेय का मी?" म्हणत त्या उठल्या. बाबांचा दंड धरला. "चला. पायाखाली पायरी आहे, सांभाळा."

पंचशीलजींच्या एका बुटाची नाडी सुटलेलीच राहिली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. दोन्ही पिशव्या उचलल्या आणि काउंटरकडे धावत सुटले. "मॅडम, दरवाज़ा बंद मत करना! मेरे माँ-बाबूजी आ रहे हैं!" वाटेत बाथरूमशी रेंगाळणाऱ्या व्यापाऱ्यालाही त्यांनी हाताला धरून ओढत नेलं.

विमान सुटलं तेव्हा सहा तासांना आठ मिनिटं कमी होती. व्यापारी मागच्या सीटवरून हळहळला, "भिया, आप ही ने दौड़ा दिया!"

विमानानं जमीन सोडली तेव्हा मंजुळाबाईंनी मला दोन्ही हातांनी असं पिळलं की एखादीचा जीव गेला असता. मग एक डोळा उघडून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या आणि दिल्लीपर्यंत बाबांना सांगत राहिल्या, "ढग आले. आता गेले. आता परत आले."

दिल्लीत पुढचं विमान निघून गेलं होतं. त्या रात्री हॉटेलात शालिनीला भाजी कोणती असं कोणी विचारलं नाही. घरी परतल्यावर पंचशीलजींनी दावा केला. उशिराचा दावा कंपनीनं नम्रपणे नाकारला; चुकलेल्या पुढच्या विमानाचा आणि हॉटेलचा मात्र मंजूर केला. सगळ्या अटी वाचणाऱ्या पंचशीलजींच्या नजरेतून नेमकी तीच अट सुटली होती. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलेलं नाही. रात्री मला उशाला घेऊन स्वतःशीच बोलत होते, म्हणून मला ठाऊक.

सिक्कीममधल्या पेलिंगला तीन दिवस ढगच होते. चौथ्या पहाटे ढग फाटले. बाबा कानटोपी घालून कठड्याशी उभे होते, गळ्यात मी. "आला का?" त्यांनी विचारलं.

"आला," मंजुळाबाई म्हणाल्या आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत.

"अगं सांग की! कसा दिसतोय?"

"आता काय सांगू... परातीत गरम पोह्यांचा ढीग ओतावा ना, तसा. हळद जरा जास्त झालीय."

"पोहे?" बाबा भडकले. "अठ्ठेचाळीस वर्षं थांबलो आणि तुला पोहे दिसले?"

"वरून खोबरंसुद्धा घातलंय," त्या म्हणाल्या. बाबा इतके हसले की मी त्यांच्या गळ्यात उड्या मारत होते. मग ते एकदम थांबले. "हां," म्हणाले. "बरोबर. असाच होता."

आता माझं कापड विटलंय, बटण तुटलंय. प्रवासाला मला कोणी नेत नाही. अन्नपूर्णातल्या घराच्या गॅलरीत बाबांच्या आरामखुर्चीवर माझा मुक्काम असतो. रोज संध्याकाळी ते मला मानेखाली घेतात, शेजारी मंजुळाबाई स्टूल ओढतात आणि रस्त्यावर जे चाललंय ते सांगायला लागतात. कोणी केस काळे केले, कोणाच्या सुनेनं नवी स्कूटी घेतली, कुठला कुत्रा कुठल्या गाडीखाली झोपलाय, सगळं. मीठमसाला त्यांचा.

तुमच्या घरीही कपाटाच्या वर माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल. तिला खाली काढा, झटका आणि घरातल्या म्हाताऱ्या मानेला द्या. एवढीच विनंती.

आता पुरे करते. बाबांना डुलकी लागलीय, त्यांची मान माझ्यावर जड झालीय. पण मंजुळाबाईंना ते ठाऊक नाही. किंवा ठाऊक असेलही. आवाज जरा बारीक करून त्या सांगतायत की समोरच्यांच्या गच्चीवर कोणी तरी पतंग घेऊन चढलंय. पुढं काय झालं, ते मला ऐकायचंय.