लाल दोऱ्याची पट्टी

कळमेश्वरच्या एका फाउंड्रीत नौदलाच्या जुन्या विनाशिकांचे सुटे भाग ओतले जातात, असं सांगितलं की नागपुरात लोक हसत. समुद्र कुठं, कळमेश्वर कुठं. तिथं लाकडी नमुने करणाऱ्या शालिकरामनं तर जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण त्या जहाजांच्या पंपांमधले पंखे त्याच्याच सागवानी नमुन्यांवरून ओतले जात.

त्या जातीची बाकी जहाजं भंगारात निघाली होती. एकच उरलं होतं आणि त्याच्या पंपाला गनमेटलचा नवा पंखा हवा होता. जुना नमुना वाळवीनं खाल्लेला. मालक पुष्कर म्हणाला, "काका, हा पास झाला तर नव्या जहाजांचं काम मिळेल. नाहीतर कुलूप."

शालिकरामला स्वतःची फिकीर नव्हती, त्याची नोकरी संपतच आली होती. पण शेजारच्या बाकावर त्याची मयुरा रंधा मारत होती. लोकांनी नाकं मुरडली तरी त्यानं पोरीला हा धंदा शिकवला होता, आणि तिला दारात उभं करणारी दुसरी फाउंड्री त्याला माहीत नव्हती.

धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना जरा मोठा करावा लागतो. बिडासाठी कमी, गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूसाठी जास्त. त्यासाठी मोजमापाच्या दोन वेगळ्या पट्ट्या, वरचे आकडे कधीच झिजून गेलेले. गनमेटलच्या पट्टीला शालिकराम लाल दोरा बांधून ठेवी. मयुराच्या वाट्याला बिडाचंच काम येई, त्यामुळे दोऱ्याचं तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. दसरा झाल्यावर त्यानं दोऱ्याची पट्टी उचलली, नमुना केला, पंखा ओतून गोदीत गेला.

तिथं लेथवर कातायला घेतला, तर अंगानं कमी भरला. जहाजाला थांबायला सवड नव्हती. भंगारात निघालेल्या जोडीदार जहाजाचा जुना पंखा काढून त्यांनी यात बसवला. पुष्करनं फोन ठेवला आणि मुकाट्यानं कुलूप शोधायला लागला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शालिकरामनं दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. दोन्हींना नवाकोरा लाल दोरा होता. खंडेनवमीला मयुरानं सगळी हत्यारं धुतली, हळदकुंकू वाहिलं, तो मळका दोरा सोडला आणि कुणाला उणं नको म्हणून एकेकाला नवा बांधला. तेव्हा त्यानं तिचं कौतुकही केलं होतं. त्यानं उचलली होती ती बिडाची पट्टी.

घरी जाताना बसमध्ये मयुरा हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसली होती.

"चूक कोनाची झाली, बाबा?"

"माही. डोळे गेले माहे."

"पूजा तर नीट केली होती आपण. मंग देवानं काहून असं केलं?"

त्याला रडू येत होतं.

"तू नीटच केली होती वं," तो म्हणाला.

पेटीतल्या एका पट्टीचा दोरा सैल झाला होता. मयुरानं तो सोडून पुन्हा घट्ट बांधला. शालिकरामनं तिला बांधू दिला.