जोडी न सापडलेली होडी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर, मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत बर्फाच्या यंत्राशेजारी बसतो. खाऱ्या वाऱ्याने माझी निम्मी बटणं गंजली आहेत.

माझ्या पोटात दोन तक्ते आहेत. एकात गावच्या होड्या आणि प्रत्येकीवर किती माणसं जातात, ते. दुसऱ्यात आज कोणत्या होड्या गेल्या आणि कोणत्या परतल्या, ते. दोन्ही जुळवायचे, माणसांची बेरीज करायची आणि समुद्रात अजून किती जण आहेत ते सांगायचं, हे माझं काम. पूर्वी वादळाचा इशारा आला की कारकून सिंहाद्री वाळूतून घरोघर विचारत पळायचा. मी आल्यावर तो चहा पीत शेवटचा आकडा तेवढा बघायचा आणि म्हणायचा, "आपला गडी एका बटणात गाव मोजतो!" मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे पहिली मासळी समुद्रदेवी गंगम्माला वाहिल्याशिवाय नव्या होडीवर नाव रंगवत नाहीत. दानय्याची होडी अशीच बिननावाची. मेहुण्याला घेऊन तो पहिल्यांदा निघाला, तेव्हा सिंहाद्रीने दुसऱ्या तक्त्यात 'नवी होडी' एवढंच लिहिलं. नाव नसल्याने पहिल्या तक्त्यात ती नव्हतीच. मी शोधलं, जोडी सापडली नाही, आणि बोंब मारायची सोडून मी गपचूप तिच्यावर शून्य माणसं धरली.

दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या परतल्या. मी ठासून सांगितलं, समुद्रात कोणी नाही. मग बचावाची मोठी बोट बांधलेलीच राहिली.

दिवस कलताना दानय्याची बायको पोलम्मा धावत सिंहाद्रीकडे आली.

"बाबू, माझा नवरा आणि भाऊ आले नाहीत हो!"

"अक्का, मशीन सांगतंय सगळे आले. ताडीच्या गुत्त्यावर बघा, दोघं झिंगून पडले असतील."

"गुत्ता बघूनच आलेय! घाला ते मशीन चुलीत, आणि आमची होडी कुठाय ते दाखवा मला!"

तिने त्याला मनगट धरून किनाऱ्यावर नेलं. होडीची जागा रिकामी होती. सिंहाद्री बचावाच्या बोटीकडे धावला. बोट सुटेपर्यंत अंधार पडला.

पहाटे मेहुणा सापडला, उलटलेल्या होडीला बिलगलेला. दानय्या सापडला नाही. कचेरीच्या पायरीवर कांबळ्यात थरथरत मेहुणा म्हणाला, "दाजींनी माझा हात धरला होता. सारखे म्हणत होते, घाबरू नको, मोजणी झाली असेल, येतीलच आता."

मित्रांनो, मोजणी मी केली होती. हे वाक्य आजही मला खातं.

आता जोडी न सापडलेली ओळ मी लाल करतो आणि सिंहाद्री चहा तसाच टाकून किनाऱ्याकडे पळतो. पोलम्मा मात्र पुन्हा कधी या कचेरीची पायरी चढली नाही. तुमच्या हिशेबात कुणाचा मेळ लागला नाही, तर त्याला शून्य समजू नका. आधी उठा आणि त्याच्या घरी जाऊन विचारा. तिथे कुणीतरी वाट बघत असतं.