आक्काताईंच्या चिमण्या

डिग्रजच्या आक्काताईंना आपल्या अंगणातल्या चिमण्यांचा भारी अभिमान. सोप्याच्या आढ्याला जोंधळ्याची कणसं टांगलेली, पेरूखाली मातीच्या परळात गाळून घेतलेलं पाणी. साळुंक्या यायच्या, होले यायचे. साळुंकी गांडूळ ओढताना दिसली, की आक्काताई केरसुणी घेऊन तिच्या मागं लागायच्या. चिमण्यांची गोष्टच निराळी.

"आमच्या चिमण्या जैन हायत," बस्तीत, म्हणजे जैन देवळात, दर्शनाला आलेल्या बायकांना त्या ठासून सांगायच्या. "दानं सोडून कशाला चोच लावत न्हाईत. आन् दिवस मावळायच्या आत जेवन उरकत्यात."

बायका पदराआड हसायच्या आणि आक्काताई ऐटीत घरी यायच्या.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात सोप्याच्या तुळईतल्या घरट्यातून एक पिल्लू खाली पडलं. धड पिसंही फुटलेली नव्हती. माणसाचा हात लागलेलं पिल्लू चिमणी परत घेत नाही, असं आक्काताई लहानपणापासून ऐकत आलेल्या. तेव्हा त्यांनी ते दुरडीत कापसावर ठेवलं आणि स्वतःच त्याची आई व्हायचं ठरवलं. भिजवलेल्या कण्या झाल्या, दुधाचे थेंब झाले. घास काही आत ठरेना. दुसऱ्या दिवशी पिल्लू मलूल होऊन पडलं.

शेजारची बनाबाई ताक न्यायला आली होती. तिनं दुरडीत डोकावून पाहिलं.

"आवं आक्काताई, कण्यांनी काय हुतंय? त्याला आळ्या लागत्यात. माज्या वांग्यावर लय हायत, आनू का?"

"बया! आमच्यात जीव मारत्यात व्हय? आन् चिमण्या आळ्या खात न्हाईत!"

"मग त्याच्या आईलाच इचारा की. वर बसून मगापासनं वरडाय लागलीया."

आक्काताईंनी वर पाहिलं. अळी द्यावी तर व्रत मोडतं, न द्यावी तर हा एवढासा जीव डोळ्यांदेखत जातो. शेवटी त्यांनी दुरडी शिंक्यात ठेवली, शिंकं घरट्याखाली टांगलं आणि दाराआड उभ्या राहिल्या.

चिमणी आली, दुरडीच्या काठावर बसली. हाताच्या वासाचं तिला काही वाटलं नाही. चोचीत हिरवी अळी, तीही वळवळणारी! आक्काताईंनी डोळे गच्च मिटले आणि णमोकार मंत्र पुटपुटल्या. उघडले तेव्हा पिल्लू घास गिळत होतं. चिमणी पुन्हा गेली, पुन्हा आली. दमली तरी थांबेना. पिल्लाला आवाज फुटला आणि आक्काताईंचा ऊर भरून आला. मग त्यांनी डोळे मिटायचं सोडूनच दिलं.

पिल्लू पेरूवर उडून बसेपर्यंत बनाबाईनं बातमी गावभर केली होती. बस्तीच्या पायरीवर त्या पदराआड हसणाऱ्या बायकांतल्या प्रभावतीनं त्यांना गाठलंच.

"काय वो आक्काताई, तुमच्या जैन चिमण्या आळ्या खायला लागल्या म्हनं?"

बायका फिदीफिदी हसल्या. आक्काताई जागच्या हलल्या नाहीत.

"खात न्हाईत, लेकराला घालत्यात. मी सोत्ता बघितलंय," त्या म्हणाल्या. "घास चोचीत धरून येती, पर त्यातला कन गिळत न्हाई. पिल्लाचं पोट भरल्यावर मग दोन दानं टिपती. असा उपास पाळनारी दुसरी कोन असली, तर दावा मला गावात."