अर्जावरचा सतरावा अंगठा

बावीस वर्षं घानातल्या कुमासीच्या सरकारी दप्तरखान्यात वाळवीशी भांडतेय मी, फोसुआ. मला कुत्रं विचारत नव्हतं. आणि ही काल आलेली डुफी! दर शुक्रवारी रेडिओवर एखादा जुना अर्ज, एखादं जुनं भांडण आपल्या ट्वी भाषेत वाचते काय, आणि लोक तिला बघायला दारात उभे काय! कागद जपले मी, मिरवतेय ही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

म्हणून एक गठ्ठा मी माझ्या खणात कोंबला आणि कुलूप लावलं. इंग्रजांच्या काळी कंद विकणाऱ्या बायकांनी, आम्हाला बाजारातून उठवू नका, म्हणून केलेला अर्ज होता तो. खाली चाळीस अंगठे. म्हटलं, हा काही हिला मिळत नाही!

घरी तरी सुटका कुठली? शुक्रवार आला की आई फुफूसाठी उकडलेले कंद कांडायचं थांबवून रेडिओला कान लावते. माझ्या कामाबद्दल मात्र तिनं कधी चकार शब्द विचारला नाही.

"फोसुआ, त्या पोरीला विचार ना, माझ्या आईचं काही सापडेल का. याआ न्यार्कोआ. कंद विकायची. मी तीन वर्षांची असताना गेली गं. फोटोसुद्धा नाही."

"त्या पोरीला? मग मी काय तिथे झाडू मारते?"

"तू सांभाळतेस गं. सांगते ती."

जीव जळला माझा. दुसऱ्या दिवशी खण उघडला. तिसऱ्या पानावर सतरावा अंगठा, शेजारी कारकुनानं लिहिलेलं नाव: याआ न्यार्कोआ. माझ्या आजीला मीच कुलपात घातलं होतं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? दुपारपर्यंत तोच विचार करत होते. मग गठ्ठा डुफीच्या टेबलावर आपटला. "घे, वाच!"

शुक्रवारी तिनं अर्ज रेडिओवर वाचला, खालच्या नावांसकट. सोमवारी आई बाजारातल्या बायकांची फौज घेऊन हजर. माझ्या टेबलावरून सरळ पुढे गेली आणि तिनं डुफीला मिठी मारली. पोटच्या पोरीकडे बघून नुसती मान हलवली.

"हात लावू का गं कागदाला?" तिनं डुफीला विचारलं.

"ते फोसुआ मावशींना विचारा, आजी. त्यांच्याशिवाय इथे कुणी कशाला हात लावत नाही."

आई वळली. जन्मात पहिल्यांदा ती माझी परवानगी मागत होती. "लावू?"

"हात धुऊन ये," मी म्हणाले.

तिनं हात धुतले, कमरेच्या कापडाला पुसले आणि त्या निळ्या ठशावर अलगद अंगठा टेकवला. मग कितीतरी वेळ ती तो ठसा कुरवाळत राहिली. मला तिनं असं कधी कुरवाळलं नव्हतं. खरं सांगते, मला त्या कागदाचासुद्धा हेवा वाटला.