कुलपाऐवजी मी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे किती, ते माझ्या रंगावरूनच ओळखा. आलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो, आता पार पिवळा पडलो आहे. आणि मी म्हणजे तो पडदा नव्हे बरं का! लोक पडद्याकडे बघतात आणि त्यालाच हुशार समजतात. मी टेबलाखालचा डबा. विचार करतो तो मीच आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या लाथा खातो तोही मीच.

एका लहानशा दुकानात एका कारागिराने मला सुटे भाग जोडून उभे केले. शेवटचा स्क्रू पिळून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला दादाच्या स्वाधीन केले. दादाची मोटार ड्रायव्हिंग शाळा होती. तिथे माझे काम मोठ्या मानाचे होते. गाडी शिकायला आलेल्यांना रस्त्यावरची चिन्हे दाखवायची आणि त्यांचा अर्थ विचारायचा. भले भले माझ्यासमोर घाम पुसत. 'वळण्यास मनाई' असे चिन्ह दिसले की हमखास कोणीतरी 'वळा'वर बोट ठेवी आणि मी लाल फुली दाखवी.

"कॉम्प्युटरच चुकतोय तुमचा!" ते म्हणत.

"तो नाही चुकत. तुम्ही रस्त्यावर चुकू नका, म्हणजे मिळवली," दादा म्हणे. हे ऐकले की माझा पंखा अंमळ जोरात फिरू लागे.

पण दिवस फिरले. शाळेत एक चपटा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी दादाच्या आईवडिलांच्या घरी माळ्यावर झाली. ज्या डोक्याने इतक्या जणांची परीक्षा घेतली, त्या डोक्यावर रंगाचा अर्धा डबा आणून ठेवला. धूळ नाकातोंडात गेली. पोटातला नाण्याएवढा सेल मेला, तशी वेळ-काळाची शुद्धही गेली. भंगारवाल्याची हाक ऐकू आली की माझे धाबे दणाणत असे. तरी मी मनाशी म्हणे, हलायचे नाही. अजून आपल्यात जोर आहे.

खाली घरात मात्र वेगळीच काळजी शिरली होती. दादाचे वडील, म्हणजे घरातले बाबा, यांनी उभी हयात शहरात बस चालवली होती. आता त्यांना विसरण्याचा आजार झाला होता. आपण निवृत्त झालो, हेच ते विसरले. पहाटे उठायचे, शर्टाची बटणे गळ्यापर्यंत लावायची आणि ड्यूटीवर निघायचे, असा त्यांचा नेम झाला. एकदा तर ते थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडले. आईचे गुडघे दुखरे, तिला त्यांच्यामागे धावता येईना. ती बिचारी कान दाराकडे ठेवूनच झोपे.

दादा दोन गल्ल्या सोडून राहायचा. तो येऊन म्हणाला, "आता बाहेरून कुलूप लावायचं. दुसरा इलाज नाही."

त्याची धाकटी बहीण, म्हणजे माझी ताई, आईबाबांपाशीच राहायची. ती ताडकन उठली. "ज्या माणसाने आख्ख्या गावाला फिरवून आणलं, त्याला कोंडून ठेवायचं? मी असेपर्यंत नाही!"

"मग काय करणार आहेस?"

"बघते."

मित्रांनो, या 'बघते'वर जाऊ नका. काही लोक तो शब्द काम टाळायला वापरतात. ताईने तो बोलून दाखवला आणि खरोखरच बघायला लागली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. कोणाला काय दिसत नाही आणि का दिसत नाही, हा तिचा रोजचाच विषय.

आधी तिने बाजारातून एक तयार कॅमेरा आणून दारावर लावला. त्याचे चित्र दूर कुठल्याशा कंपनीच्या मशीनवर जाई आणि तिथून तिच्या फोनवर येई. एक दिवस कंपनीने ती सोयच बंद केली. कॅमेरा धडधाकट, पण आंधळा! नुसता दिवा मिचकावत बसला.

"बरं झालं," आई म्हणाली. "आपलं दार बघायला परक्याच्या घरी जायचं, हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं."

तेव्हा ताईने ठरवले की आता जे काही करायचे ते आपल्या घरात आणि आपल्या हाताने. शोधता शोधता तिला कॅमेऱ्यांसाठीचे एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर सापडले. म्हणजे ज्याची घडण कोणालाही उघडून वाचता येते, सुधारता येते आणि फुकट वापरता येते, असे. देशोदेशीच्या अनोळखी माणसांनी ते आपापल्या सवडीने लिहिलेले. चित्र घरातच राहणार, ही त्यातली मुख्य गोष्ट. फक्त ते चालवायला कायम जागा राहील असा एक कॉम्प्युटर हवा होता.

"माळ्यावर एक पडलाय ना," आई म्हणाली. ते शब्द ऐकून मला काय वाटले, ते कसे सांगू!

ताईने मला खाली उतरवले. रंगाच्या ब्रशने माझ्या आतली धूळ झाडली. नवा सेल घातला, स्मरणशक्ती वाढवली, साठवणीसाठी नवी डिस्क बसवली. मग एका पेन ड्राइव्हवरून माझ्यात लिनक्स नावाची नवी कार्यप्रणाली चढवली. त्यासरशी माझी सगळी जुनी चिन्हे पुसली गेली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण माळ्यावर आठवणी कुरवाळत बसण्यापेक्षा हे बरे.

तुम्हाला वाटेल, झाले, बटण दाबले आणि कॅमेरे सुरू! छे हो. ताईच्या नाकी नऊ आले. सूचनांच्या फाइलमध्ये एखादी ओळ जराशी पुढे-मागे झाली की मी अडून बसे. ती तरी काय करणार आणि मी तरी काय करणार? कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता बदलला की तो मला सापडेना. मग तिने प्रत्येक कॅमेऱ्याला कायमचा पत्ता नेमून दिला. दादा दारातून डोकावून जाई.

"अगं, माणूस बोलवला तर तासाभरात सगळं लावून जाईल."

"जाईल ना. आणि पासवर्डही घेऊन जाईल," मान वर न करता ताई म्हणाली. दादा उंटावरून शेळ्या हाकत होता आणि ते त्यालाही कळत होते.

शेवटी मला डोळे आले. एक पुढच्या फाटकावर, एक बाजूच्या बोळात, एक मागच्या अंगणात. घराच्या आत एकही डोळा नको, अशी आईची सक्त ताकीद होती आणि ती ताईलाही मान्य होती. कॅमेरा उलटा लागल्यामुळे मी पहिल्यांदा जग पाहिले ते खाली डोके वर पाय. ताईने ते सरळ केले आणि बाबांना पडद्यासमोर बसवून फाटकातून हात हलवणारी आई दाखवली.

"ही बाई कोणाची वाट बघतेय?" बाबांनी विचारले.

"तुमचीच," ताई म्हणाली. बाबांनी समजल्यासारखी मान हलवली.

माझे काम सोपे नव्हते. काही हलले की घंटा वाजवायची, एवढेच मला सांगितले होते. मी डोळ्यांत तेल घालून बसलो आणि पानासाठी वाजवली, मांजरासाठी वाजवली, दोरीवरच्या चादरीसाठीही वाजवली. एका कोळ्याने तर कॅमेऱ्याच्या काचेवरच जाळे विणले आणि त्याच्या प्रत्येक पायासाठी मी घरादाराला उठवले. लांडगा आला रे आला, अशी माझी गत झाली. आई उशी कानावर ओढू लागली. तेव्हा ताईने मला माणूस आणि मांजर यांतला फरक ओळखायला लावले. त्या कष्टाने मी तापलो, पंखा घरघरू लागला. मग तिने दर सेकंदाला कमी चित्रे बघायची मुभा दिली आणि माझा जीव खाली बसला. आता घंटा वाजली की समजावे, माणूस आहे.

शेजारी एक काकू राहायच्या. इस्पितळात नर्स होत्या. मागच्या कॅमेऱ्यात त्यांचे अंगण दिसते हे कळल्यावर त्या आल्या. "मी दिवसभर गणवेशात असते. घरी आल्यावर मला गाऊनमध्ये चहा पिऊ द्या की! तिथे तुमचा डोळा नको."

त्यांचे म्हणणे रास्तच होते. ताईने चित्राच्या त्या कोपऱ्यावर काळी पट्टी मारली. पट्टीखाली काही हलले तरी मी बघायचे नाही, असा हुकूम झाला.

आणि तिथेच घात झाला. दोन्ही अंगणांमधल्या कुंपणाला एक फट होती. पूर्वी आई आणि काकू तिथूनच जात-येत. नेमकी ती फट पट्टीखाली गेली. एका पहाटे बाबा मागच्या दाराने निघाले, कॅमेऱ्याखालच्या भिंतीला धरून मला न दिसता त्या फटीतून पार झाले आणि घंटा वाजलीच नाही. सकाळी रिकामे अंथरूण पाहून आईच्या तोंडचे पाणी पळाले.

बाबा दादालाच सापडले. तो एका नवशिक्याला गाडी शिकवत होता. मोठ्या चौकात भर रहदारीत मधोमध बाबा उभे. हात आडवा करून ओरडत होते, "आधी बस जाऊ द्या!" एक ट्रक त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता. दादाने घरी येऊन हे सांगितले. मग त्याने खिशातून नवेकोरे कुलूप काढले आणि माझ्या टेबलावर आपटले.

"पुरे झाले तुझे प्रयोग. मला बाप जिवंत पाहिजे."

ताई रडली. बाथरूममध्ये जाऊन रडली, तरी आम्हाला सगळ्यांना ऐकू आले. तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चूक कुठे झाली ते मला कळलंय. आजचा दिवस दे."

"उद्या ते गेले आणि घंटा वाजली नाही, तर कुलूप."

"आणि वाजली तर?"

दादाने कुलूप टेबलावरच राहू दिले. त्या रात्री तो आमच्याकडेच झोपायला राहणार असे ठरले.

पट्टी काढून टाकणे सोपे होते, पण ताईने ते केले नाही. काकूंना शब्द दिला होता. ती शिडी घेऊन अंगणात गेली आणि माझ्या तिथल्या डोळ्याला हात लावून खूप वेळ उभी राहिली. काकू कुंपणापाशी आल्या.

"काढ गं ती पट्टी. मी आत बसून चहा पिईन."

"नको काकू. रुंद भिंग आहे ना, म्हणून ते सगळ्यांच्या घरात डोकावतं. इथे अरुंद भिंग पाहिजे आणि कॅमेरा कुंपणाच्या कडेने, आपल्याच बाजूला बघणारा."

तिने दुपारभर खपून कॅमेरा भिंतीवरून काढला, भिंग बदलले आणि कुंपणाच्या खांबावर बसवला. काकूंनी शिडी धरली. आता मला फट दिसत होती, तिच्याकडे जाणारी पायवाट दिसत होती आणि काकूंच्या अंगणातले एक पानही दिसत नव्हते. मीही कंबर कसली. मित्रांनो, कुलूप माझ्याच डोक्यावरच्या टेबलावर पडले होते. हरलो असतो तर माझे काम त्याने घेतले असते.

पहाट झाली. मागचे दार हलले. बाबा आले, गळ्यापर्यंत बटणे लावलेले. मी त्यांच्याभोवती चौकट आखली आणि घंटा वाजवली. अशी वाजवली की सोफ्यावर झोपलेला दादा अनवाणीच धावला.

फटीपाशी त्याने बाबांचा दंड धरला. एरवी अशा वेळी तो म्हणे, "बाबा, तुम्ही रिटायर झालात!" आणि मग बाबा चिडत, हात झटकत, कधी रडत. त्याने तोंड उघडले होते. पण बाबांनी वळून त्याच्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"आलास? आज माझ्या गाडीवर कंडक्टर तू का? चल लवकर. पहिल्या गाडीला माणसं खोळंबलेली असतात."

दादाने उघडलेले तोंड मिटले. तोवर ताई मागच्या दारात आली होती. तिने त्याच्या चपला पायरीवरून पुढे टाकल्या. दादाने त्या घातल्या.

"चला साहेब," तो म्हणाला. "गाडी लागलीय."

दोघे फटीतून पलीकडे गेले आणि मला दिसेनासे झाले. फक्त काकूंचा आवाज आला, "अरे, माझ्या अंगणात स्टॉप कधी झाला?"

उजाडल्यावर ते पुढच्या फाटकाने परत आले. बाबा दमले होते, पण खुशीत होते. त्यांनी दादाच्या खांद्यावर भार टाकला होता आणि दादाने त्यांच्या कमरेला हात घातला होता. मी सवयीने चौकट आखली. दोघे इतके जवळ होते की दोघांभोवती मिळून एकच चौकट झाली. माझ्या हिशेबी फाटकात माणूस एक.

आता घरात पाळ्या लावल्या आहेत. घंटा वाजली की ज्याची पाळी असेल तो चपला घालतो आणि बाबांबरोबर एक फेरी मारून येतो. कधी ताई, कधी दादा, सुट्टी असली की काकू. कुलूप दादाने शाळेच्या शटरला लावले. ते तिथेच शोभते.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडला असेल. त्याला भंगारात टाकण्याआधी एकदा उघडून बघा, ब्रश फिरवा. जमणार नाही असे कोणी म्हणाले तर ताईसारखे "बघते" म्हणा आणि खरोखर बघा. शेजाऱ्याच्या घरात डोकावू नका. आणि एवढे सगळे करून डोळे लावलेत, तरी आपले काम संपले असे समजू नका. मी रात्रंदिवस जागा राहीन, वेळेवर घंटाही वाजवीन. पण मला पाय नाहीत. कोणाबरोबर चार पावले चालायची असतील, तर अंथरुणातून उठावे लागेल ते तुम्हालाच.