ताटात उरलेला बोल्ट

निवृत्त झालेली माणसं झाडं लावतात, बागेत जाऊन बसतात, नाहीतर सुनेच्या कामात नाक खुपसतात. आमच्या ह्यांनी जुना ट्रक आणला. तोही असा, की क्रेनवाला मला म्हणाला, "काकू, भंगारवाला पुढच्या गल्लीत असतो."  मी फक्त शेडमधली कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेतली.

ह्यांची कामाची एक पद्धत आहे. काढलेला बोल्ट इकडेतिकडे ठेवायचाच नाही. भाग सुटा झाला, की बोल्ट लगेच त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. धुवायचे असतील तेवढे रॉकेलच्या ताटात, तेही एका वेळी एकाच जागेचे. काम संपलं की ताट रिकामं दिसलं पाहिजे. हे ताट माझ्या स्वयंपाकघरातलं, मला न विचारता नेलेलं. पायात येऊ नये म्हणून बसायच्या स्टुलाखाली सरकवलेलं असायचं. स्टूलसुद्धा ह्यांनीच केलेलं, उरलेल्या लोखंडी पट्ट्या जोडून. ते डुगडुगायचं. मी बोलले की उत्तर ठरलेलं, "स्टूल चांगलं आहे, फरशी वाकडी आहे." मग मीही नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकवल्याशिवाय राहायची नाही.

त्या दिवशी इंजिन पूर्ण जोडून झालं. मी शेडमध्ये गेले तेव्हा हे ताटातलं काळं रॉकेल डब्यात ओतत होते. तळाशी काहीतरी खणकलं. बोल्ट होता.

"हा कुठला?" ह्यांनी मलाच विचारलं.

"मला काय विचारता? मी कधी त्या इंजिनात हात घातला?"

एरवी ह्यावर काहीतरी उलट उत्तर आलं असतं. हे तसेच ट्रकच्या पायरीवर बसले. चेहरा पांढराफटक पडला होता.

ह्यांच्या मनात काय आलं, ते मला कळलं. आमचे मोठे दीर घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा घड्याळाचं झाकण बंद केल्यावर त्यांच्या तळहातावर एक स्क्रू उरला, आणि तो कुठला हे त्यांना काही केल्या आठवेना. आम्ही सगळे हसलो होतो. आता ते सख्ख्या भावाला "आपण कोणाकडे आलात?" असं अदबीने विचारतात.

"दादाचंही असंच सुरू झालं," हे म्हणाले.

"एका बोल्टावरून काहीतरीच काय." पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

ह्यांनी इंजिन परत उघडलं. मी दिवा धरून उभी राहिले. तेल काढलं, खालचा चेंबर उतरवला, वरचं झाकण उचललं, पाण्याचा पंप सोडवला. प्रत्येक बोल्ट बोटाने चाचपून पाहिला. सगळे जागच्या जागी होते. एकही भोक रिकामं नव्हतं. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. ह्यांचा चेहरा आणखी उतरला.

"म्हणजे समोर असूनही मला कळत नाहीये," हे म्हणाले. "विकून टाकू हा ट्रक. ह्यात मी कोणाला बसवणार नाही."

त्या ट्रकला मी काय काय बोलले असेन. पण विकायचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून रागही आला.

"विका नाहीतर पुरा. आधी चहा घ्या," म्हणत मी कप हातात दिला.

हे स्टुलावर टेकले. घटाघट चहा संपवला, रिकामा कप खाली ठेवायला वाकले, आणि स्टूल एका अंगाला कलंडलं. कप एकीकडे, हे दुसरीकडे.

"लागलं का हो?" मी धावले. ह्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. आडवे पडल्या पडल्या ते स्टुलाच्या पायाकडे बघत होते. पट्टीत एक भोक रिकामं होतं.

ह्यांनी खिशातून बोल्ट काढला. तो भोकात अलगद फिरत गेला, शेवटपर्यंत. इंजिनाचे झिजलेले बोल्ट बदलले होते, ते आणि स्टुलाचे एकाच पुड्यातले. हा सैल होऊन गळला होता, तो नेमका खालच्या ताटात.

"मी विसरलो नव्हतो गं," हे म्हणाले.

"नाही. तुम्हाला फक्त स्टूल करता येत नाही."

हे हसायला लागले, आणि हसता हसता रडले. मीही त्या तेलकट फरशीवर शेजारी बसले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं परत जोडून झालं. ह्यांनी ताट माझ्यासमोर उलटं करून दाखवलं. मग किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, शेडभर धूर केला आणि चालू झालं. मी कान झाकले, पण तिथून हलले नाही.

हात धुऊन हे घरात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अगं, चहा दे ना."

मी जागीच थांबले. ह्यांचा विसळलेला कप अजून ओट्यावर निथळत होता.

"आत्ताच तर घेतलात," मी हळूच म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय ते त्यांच्या लक्षात आलं.

"माहीत आहे मला," हे म्हणाले. "दुसरा मागतोय."

एरवी मी ह्यांना दुसरा चहा कधीच देत नाही. त्या दिवशी निमूटपणे आधण ठेवलं.